आईला आलेला वास
तान्ह्या मुलांचे आनुवंशिक रोग ओळखूं कसे लागले

आपल्या घरांतून तान्हें मूल आजारी पडलें म्हणजे त्याची पहिली तपासणी डॉक्टर करीत नाहींत. ती घरांतील वडीलधारी बाई करते. ती टाळूवर हात ठेवून पाहते, डोळे पाहते, पोट चाचपते, लंगोटाकडे एक नजर टाकते, आणि बहुतेक वेळां तिचें अनुमान खरें ठरतें. जुलाबानें बाळाच्या अंगांतील पाणी कमी झालें म्हणजे टाळू खोल जाते, हें तिला कोणत्याहि पुस्तकानें शिकविलेलें नसतें. गोंवर कोणता आणि घामोळें कोणतें, भुकेचें रडणें कोणतें आणि कान दुखत असल्याचें रडणें कोणतें, हें ती ओळखते. कारण असलीं दुखणीं तिनें चार-सहा मुलांत पाहिलेलीं असतात. शिवाय हीं नेहमींचीं दुखणीं आपण होऊन वर्दी देतात. ताप येतो, खोकला येतो, अंगावर पुरळ उठतें.

परंतु दुखण्यांचा दुसराहि एक वर्ग आहे. त्यांत मूल जन्मतः गुटगुटीत असतें, दूध नीट पितें, पाहुणे येऊन कौतुक करून जातात. आणि त्याच वेळीं त्याच्या शरीरांत रोगाचें काम सुरू झालेलें असतें. ताप नाहीं, खोकला नाहीं, कांहीं नाहीं. हा रोग आईबापांकडून आलेला असतो, पण आईबाप दोघेहि धडधाकट असतात, त्यामुळें कोणाच्या मनांत शंकाहि येत नाहीं. असे रोग ओळखण्याची विद्या उण्यापुऱ्या सव्वाशें वर्षांची आहे. तिचा इतिहास वाचतांना एक गोष्ट माझ्या वारंवार लक्षांत आली. या रोगांपैकीं कित्येकांची पहिली खूण प्रयोगशाळेंत सांपडलेली नाहीं. ती घरांत सांपडली, आणि ती सांपडली ती साध्या नाकाला, जिभेला, डोळ्याला. मात्र घरांतील माणसाचें म्हणणें ऐकून घेणारा कोणी भेटेपर्यंत तिला रोगाची खूण हें नांव मिळालें नाहीं.

आरंभ लंडन येथें झाला. तेथील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयांत आर्चिबाल्ड गॅरॉड नांवाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक मुलगा येई, त्याचीं दुपटीं लघवीनें काळीं पडत. मुलाला तसा कांहींच त्रास नव्हता. या विकाराला अल्काप्टोन्यूरिया म्हणतात. त्यांत उतारवयांत सांधे धरतात, पण बालपणीं काळ्या डागांवांचून कांहीं दिसत नाहीं. आंतड्यांतील एखाद्या जंतूमुळें हें होत असावें, असा त्या वेळचा समज होता. १९०१ सालीं त्या मुलाच्या आईला आणखी एक मूल व्हावयाचें होतें. गॅरॉडनीं सांगून ठेवलें, कीं या बाळाच्या दुपट्यांवर जन्मापासून लक्ष ठेवावें. तिसऱ्याच दिवशीं डाग काळा पडला. इतक्या कोवळ्या बाळाला बाहेरून जंतूची बाधा होऊन असें व्हावें हें संभवनीय नव्हतें. दोष जन्माबरोबरच आला होता.

या मुलांचे आईबाप एकमेकांचीं सख्खीं चुलत-मावस भावंडें लागत होतीं. गॅरॉडनीं इतर कुटुंबांची चौकशी केली, तेव्हां अशा विवाहांचें प्रमाण विलक्षण दिसलें. मेंडेलचे नियम १९०० सालीं नुकतेच पुन्हां उजेडांत आले होते. केंब्रिजचे विल्यम बेटसन यांनीं या कोड्याचा उलगडा त्या नियमांवरून होईल असें सुचविलें. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही जनुक सदोष मिळाले तरच रोग प्रकट होतो. एकच सदोष असला तर तो माणूस आयुष्यभर निरोगी राहतो आणि दोष मात्र पुढच्या पिढीला देऊं शकतो. एकाच आजोबांच्या नातवंडांत तोच सदोष जनुक दोघांकडे असण्याचा संभव अधिक. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ जातींतून होती आणि अजूनहि आहे, तेव्हां ही गोष्ट आपण परकी मानण्याचें कारण नाहीं. गॅरॉडनीं १९०२ मध्यें आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि १९०८ च्या व्याख्यानांत अशा विकारांना चयापचयांतील जन्मजात चुका असें नांव दिलें. वैद्यकांतील बहुतेकांना त्या वेळीं हा एक मौजेचा विषय वाटला. चार-दोन दुर्मिळ चमत्कार, यापलीकडे त्यांत कोणी कांहीं पाहिलें नाहीं.

त्यांत पाहण्यासारखें किती होतें, हें कळावयास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथें एक सुशिक्षित, सुखवस्तु कुटुंब होतें. पहिली मुलगी झाली. ती दिसावयास चांगली, गोरी, पिंगट केसांची. परंतु वेळेवर बोलेना. पुढें मुलगा झाला. त्याचें बोलणें तर राहोच, चालणेंहि होईना. आईनें एका डॉक्टरामागून दुसरा डॉक्टर पाहिला. कोणी म्हणाले वाट पाहा, कोणी म्हणाले इलाज नाहीं. आईचा एक प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणीं होता. दोन्ही मुलांच्या अंगाला, केंसांना आणि लघवीला एक चमत्कारिक कुबट वास येई. न्हाऊं घातलें, कपडे बदलले, तरी तो जात नसे. हा वास कशाचा? या प्रश्नाचें उत्तर कोणाकडे नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर प्रश्नहि कोणाला महत्त्वाचा वाटला नाहीं. आईचीं मुलें बोलत नाहींत आणि ही बाई वासाचें काय घेऊन बसली आहे, असेंच त्यांना वाटलें असावें.

१९३४ सालीं ओळखीच्या माणसांमार्फत तिची गांठ आस्ब्यॉर्न फ्योलिंग यांच्याशीं पडली. मुलगी त्या वेळीं साडेसहा वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा होता. फ्योलिंग हे डॉक्टर होते, पण त्यापूर्वीं ते रसायनशास्त्र शिकले होते, आणि या गोष्टींत तेंच महत्त्वाचें ठरलें. त्यांनीं वासाची गोष्ट ऐकून घेतली आणि मुलांची लघवी आणावयास सांगितलें. तींत त्यांनीं फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. ही मधुमेहाच्या रोग्यांसाठीं नित्य करण्याची साधी परीक्षा आहे. लघवींत विशिष्ट आम्लें असलीं तर तांबूस-तपकिरी रंग येतो, नसलीं तर फारसा फरक पडत नाहीं. येथें दोहोंपैकीं कांहींच झालें नाहीं. नळींतील पाणी गडद हिरवें झालें, आणि थोड्या वेळानें तो रंग विरून गेला.

फ्योलिंगनीं असा रंग कधीं पाहिला नव्हता. एखाद्या औषधाचा हा परिणाम असेल म्हणून त्यांनीं मुलांचीं सर्व औषधें बंद करावयास सांगितलीं. तरी रंग हिरवाच. मग कोणता पदार्थ हा रंग आणतो हें शोधून काढण्यास भरपूर लघवी हवी होती. ती आईनें पुरविली. जीं मुलें स्वतःहून कांहीं सांगूं शकत नव्हतीं, त्यांची लघवी दिवसामागून दिवस सांठवून ती सुमारें वीस लिटर या माणसाकडे पोंचविती झाली. या वीस लिटरांतून फ्योलिंगनीं एक शुद्ध पदार्थ वेगळा काढला. तो फेनिलपायरुविक आम्ल होता. निरोगी माणसाच्या लघवींत तो अशा रीतीनें सांपडत नाहीं. यानंतर त्यांनीं मतिमंदांसाठीं असलेल्या संस्थांतून सुमारें चारशें तीस जणांच्या लघवीचे नमुने मागविले. आणखी आठ जणांची लघवी हिरवी झाली. त्याच वर्षीं त्यांनीं आपला शोध प्रसिद्ध केला. पुढें या रोगास फेनिलकीटोन्यूरिया हें नांव पडलें.

या रोगाचें स्वरूप असें आहे. दूध, डाळ, अंडीं, मांस यांतील सर्व प्रथिनांत फेनिलॲलनीन नांवाचा एक घटक असतो. प्रथिनाच्या वजनाचा सुमारें विसावा हिस्सा तो असतो. निरोगी माणसाचें यकृत जरुरीपेक्षां अधिक झालेल्या फेनिलॲलनीनचें दुसऱ्या एका पदार्थांत रूपांतर करतें. हें काम करणारें विकर, ज्याला इंग्रजींत एन्झाइम म्हणतात, या मुलांत निरुपयोगी असतें. मग तो घटक रक्तांत सांचत जातो, आणि मेंदूच्या वाढीच्या ऐन दिवसांत मेंदूला घातक ठरतो. त्याचाच कांहीं भाग वास घेऊन लघवींतून आणि घामांतून बाहेर पडतो. केंसांचा काळा रंग ज्या पदार्थापासून व्हावयाचा तो कमी पडल्यानें केंस फिकट होतात. पोटांत असतांना आईचें शरीर बाळाचें हें काम करीत असतें, म्हणून जन्मतः बाळ अगदीं ठीक असतें. पुढें त्याला अंगावर पाजूं लागलें, कीं त्या दुधाबरोबरच तो घटक सांचावयास आरंभ होतो. ज्या दुधावर बाळ वाढावयाचें तेंच त्याला बाधतें, आणि पाजणाऱ्या आईला याची गंधवार्ताहि नसते.

ऑस्लोच्या त्या दोन मुलांना या शोधाचा कांहींहि उपयोग झाला नाहीं. मेंदूची हानि होऊन गेली होती, आणि उपाय कोणालाच ठाऊक नव्हता. आईला तिच्या प्रश्नाचें उत्तर तेवढें मिळालें.

ज्या वर्षीं ऑस्लोंत नळींतील पाणी हिरवें झालें, त्याच वर्षाच्या आरंभापासून जर्मनींत एक कायदा अमलांत आला होता. आनुवंशिक दोष असलेल्या माणसांना सक्तीनें निर्बीज करण्याची त्यांत तरतूद होती, आणि पुढें त्याच वाटेनें तेथील राज्यकर्ते अपंग मुलांच्या हत्येपर्यंत गेले. अशा वेळीं आनुवंशिक हा शब्द उच्चारणें म्हणजे एखाद्या कुटुंबाला डाग लावणें होतें. त्या मताला जें उत्तर मिळालें, तें याच रोगाच्या अभ्यासांतून मिळालें, आणि तें इंग्लंडमधील लायोनेल पेनरोज यांनीं दिलें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत सुप्रजाशास्त्राच्या अध्यासनावर त्यांची १९४५ मध्यें नेमणूक झाली होती. आणि १९४६ च्या आपल्या व्याख्यानांत त्यांनीं सुप्रजेच्या नांवाखालीं चाललेल्या या सक्तीचीच हजेरी घेतली. त्यांचा हिशोब सरळ होता. रोगी मुलें दहा-वीस हजारांत एखादें, आणि त्यांना संतति जवळ जवळ होतच नाहीं. सदोष जनुक मुख्यतः राहतो तो निरोगी माणसांच्या अंगीं. आणि अशीं माणसें त्यांच्या अंदाजानें शंभरांत एक तरी होतीं. तेव्हां रोग समूळ नाहींसा करावयाचा म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकीं एकाला निर्बीज करावें लागेल. ही कल्पना वेडगळपणाची आहे, हें त्यांनीं भीडभाड न ठेवतां सांगितलें. कोणाच्या घराण्यांत दोष आहे म्हणून कुजबुजणाऱ्या मंडळींना हा हिशोब आजहि ऐकविण्याजोगा आहे. असे कांहीं ना कांहीं सदोष जनुक आपणां सर्वांच्याच अंगीं असतात.

उपायाची गोष्ट बर्मिंगहॅम येथें घडली, आणि तेथेंहि दाराशीं एक आईच उभी होती. १९५१ सालीं तेथील मुलांच्या रुग्णालयांत होर्स्ट बिकेल हे तरुण जर्मन डॉक्टर काम करीत होते. सुमारें दीड वर्षाच्या एका मुलीला फेनिलकीटोन्यूरिया असल्याचें त्यांनीं ओळखलें. ती उभी राहत नसे, बोलत नसे, कशांत लक्ष घालीत नसे, आणि सारा वेळ रडत किंवा डोकें आपटीत असे. नवी पद्धति वापरून रोग ओळखल्याचा डॉक्टरांना अभिमान वाटला. आईला त्याचें सुतराम् कौतुक वाटलें नाहीं. ती दररोज सकाळीं प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभी राही आणि विचारी, माझ्या मुलीसाठीं तुम्ही काय करणार? इलाज नाहीं हें उत्तर ती घेईना. बिकेलनीं पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे, कीं तिच्या या हट्टामुळें आम्हांला विचार करणें भाग पडलें.

विचार असा, कीं विष जर अन्नांतून येतें, तर तें अन्नांतूनच काढून टाकतां येईल काय? लंडनच्या लुई वूल्फ यांनीं तशी रीत सुचविली होती. दुधांतील केसीन हें प्रथिन तोडून त्याचें द्रावण केलें आणि विशिष्ट प्रकारच्या कोळशांतून गाळलें, तर फेनिलॲलनीन कोळशाला धरून बसतें. बिकेल आणि त्यांचे सहकारी जॉन जेरार्ड व एव्हलिन हिकमन्स यांनीं थंड खोलींत बसून हें गाळण्याचें काम केलें. तें पेय चवीला अत्यंत वाईट होतें. प्रथम एक चूक झाली. तो घटक आहारांतून सर्वस्वीं काढल्यावर मुलीचें वजन घटूं लागलें, कारण थोडासा तो प्रत्येकाला लागतोच. मग मोजून मापून थोडें दूध पुन्हां द्यावें लागलें. कांहीं महिन्यांत मुलगी रांगूं लागली, उभी राहूं लागली, तिच्या डोळ्यांत तेज आलें, केंस काळसर होऊं लागले, आणि डोकें आपटणें थांबलें.

यानंतर जें केलें तें मला अजूनहि खटकतें. ही सुधारणा आहारामुळेंच झाली हें सिद्ध करण्यासाठीं डॉक्टरांनीं मुलीच्या आहारांत फेनिलॲलनीन पुन्हां मिसळलें, आणि आईला तें सांगितलें नाहीं. थोड्याच अवधींत मुलगी पुन्हां रडूं लागली, तिला उभें राहतां येईना. आई कासावीस होऊन रुग्णालयांत धांवत आली. मग तिला खरें कारण सांगण्यांत आलें. तिच्या संमतीनें हाच प्रयोग दुसऱ्यांदा झाला आणि त्याचें चित्रण करण्यांत आलें. प्रयोगशास्त्राच्या दृष्टीनें ही परीक्षा चोख होती, आणि १९५३ च्या लेखानें जगाची खात्री पटली. पण ज्या बाईच्या हट्टानें हें सारें सुरू झालें, तिलाच अंधारांत ठेवण्याचें कारण नव्हतें. मुलगी पूर्णपणें बरी झाली नाहीं; दोन वर्षांची होईपर्यंत जें गेलें तें गेलेंच होतें.

आतां प्रश्न उरला तो वेळेचा. आहार पहिल्या कांहीं आठवड्यांत सुरू झाला तर मूल चारचौघांसारखें वाढतें; पण पहिल्या आठवड्यांत हें मूल ओळखावयाचें कसें? १९५७ च्या सुमारास अमेरिकेंत ओल्या लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून हिरवा डाग पडतो का, हें पाहण्याची चाल निघाली. युक्ति स्वस्त होती, पण लघवींत तें आम्ल दिसूं लागावयास बाळ बहुधा कित्येक आठवड्यांचें व्हावें लागतें; तोंवर मेंदूचें नुकसान सुरू झालेलें असतें. उत्तर काढलें बफेलो येथील रॉबर्ट गथ्री यांनीं. ते जंतुशास्त्रज्ञ होते. त्यांचा स्वतःचा एक मुलगा मतिमंद होता, त्याचें कारण निराळें होतें. पण त्यांच्या मेहुणीची मुलगी याच रोगाची निघाली आणि ती उशीरां ओळखली गेली. गथ्रींनीं बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेतले. त्या कागदाची छोटी चकती जंतु पेरलेल्या बशींत ठेवावयाची. त्या बशींत जंतूंची वाढ रोखणारें एक द्रव्य अगोदरच घातलेलें असतें, आणि फेनिलॲलनीन भरपूर असेल तरच जंतु त्याला न जुमानतां वाढतात. म्हणजे ज्या चकतीभोंवतीं जंतूंचें वलय उमटलें तें बाळ रोगी. एका बशीवर पुष्कळ बालकांची परीक्षा होई, आणि कागद टपालानें पाठवितां येई. १९६३ मध्यें मॅसॅच्युसेट्स राज्यानें ही परीक्षा कायद्यानें आवश्यक केली, आणि मग एकामागून एक देशांनीं ती उचलली. आरंभीं कांहीं निरुपद्रवी प्रकारहि रोग समजून मुलांना विनाकारण पथ्य लादलें गेलें, हें मात्र नमूद केलें पाहिजे.

जिभेनें ओळखलेला एक रोग युरोपांत आहे. ज्या मुलाचा मुका खारट लागतो तें फार दिवसांचें सोबती नव्हे, असा उत्तर युरोपांतील बायकांचा जुना समज होता. डोरोथी अँडरसन यांनीं १९३८ सालीं सिस्टिक फायब्रोसिस या रोगाचें वर्णन केलें, पण त्या खारटपणाचें कारण १९५३ पर्यंत कळलें नव्हतें. न्यूयॉर्कमध्यें १९४८ च्या उन्हाळ्यांत कडक ऊष्मा झाला, तेव्हां या रोगाचीं मुलें गळून जाऊन रुग्णालयांत येऊं लागलीं. त्यावरून शोध घेतां घेतां त्यांच्या घामांत मीठ प्रमाणाबाहेर असतें, हें पॉल दि सांत’आन्येझे यांनीं दाखवून दिलें. आजहि या रोगाची मुख्य परीक्षा घामाचीच आहे. आपल्या विदर्भांत सिकल सेलचा रक्तदोष पुष्कळ कुटुंबांतून आहे. त्याची पहिली खूण पुष्कळदां वर्षा-दोन वर्षांच्या बाळाच्या हातापायांचे पंजे सुजून दुखणें ही असते, आणि ती कोणत्याहि आईच्या डोळ्यांना दिसण्यासारखी आहे.

वासाचा आणखी एक रोग सांगतों, कारण त्याचा संबंध आपल्या स्वयंपाकघराशीं येतो. १९५४ मध्यें जॉन मेंकेस यांनीं एका कुटुंबांतील चार भावंडांची हकीकत प्रसिद्ध केली. तीं चारहि तान्हेपणींच दगावलीं होतीं. त्यांच्या लघवीला मेपल झाडाच्या रसाच्या काकवीसारखा गोड वास येई. प्रथिनांतील दुसरे तीन घटक पचविण्याची शक्ति या मुलांत नसते. मेपलची काकवी आपण पाहिलेली नसेल, परंतु तो वास आपल्या ओळखीचा आहे. मेथीचा वास आणि त्या काकवीचा वास एकाच पदार्थामुळें येतो, त्याचें नांव सोटोलोन. बाळंतिणीला मेथीचे लाडू देण्याची आपली चाल सर्वांस ठाऊक आहेच. मेथी खाल्लेल्या आईच्या बाळाला तोच वास येऊन डॉक्टरांना नसत्या रोगाची शंका आल्याचीं उदाहरणें परदेशांतील वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत.

टाचेच्या रक्ताच्या थेंबांवरून आतां कित्येक रोग एकदम ओळखतां येतात. आपल्या देशांत त्यांपैकीं सर्वांत महत्त्वाचा जन्मजात थायरॉइडची उणीव हा आहे. तो साधारणपणें हजार जन्मांमागें एका बाळाला होतो, वेळेवर ओळखला तर रोजच्या एका स्वस्त गोळीनें बुद्धि शाबूत राहते, आणि जन्मतः बाळाकडे पाहून तो सहसा ओळखतां येत नाहीं. ही परीक्षा आपल्याकडे अजून प्रत्येक बाळासाठीं सक्तीची नाहीं. मोठ्या शहरांतील पुष्कळ रुग्णालयांत मागितली तर ती होते. बाळाच्या जन्मानंतर अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर, म्हणजे सामान्यतः प्रसूतिगृहांतून घरीं निघण्यापूर्वीं, ती मागून घ्यावी. आणि बाळाला अपरिचित वास येत असेल तर डॉक्टरांना तो आहे तसा सांगावा, बाळंतिणीनें मेथीचे लाडू खाल्ले असतील तर तेंहि सांगावें. मात्र वासाबरोबर बाळ दूध सोडूं लागलें, सुस्त पडूं लागलें, तर तो वास लाडवांचाच असेल असें म्हणून घरीं बसूं नये, त्याच दिवशीं बाळाला घेऊन निघावें.